दाराशी थांबणारा सुतार

१

पोलिस ठाण्यात चोरी झाली, आणि तीही पिस्तुलाची. आता याला काय म्हणावं! लोक जिथे चोरीची तक्रार घेऊन येतात, तिथल्यांनी तक्रार कुणाकडे न्यायची? पहारेकरी एकमेकांची तोंडं बघत होते, टेलिफोनवरची मुलगी वाजणारा फोन उचलायचा विसरली होती, आणि नव्या मॅडम फाटकातून आत आल्या तेव्हा सलाम ठोकायचंही कुणाला सुचलं नाही.

मॅडम ठाण्याला नव्या होत्या, नोकरीला नव्हेत. आजवरची सगळी नोकरी जेलमध्ये गेलेली. बराकीवरची साधी शिपाई म्हणून लागल्या आणि जेलर होऊन बाहेर पडल्या. त्यांना ठाण्याच्या प्रमुख म्हणून पाठवलं तेव्हा इथे बरीच कुजबुज झाली. "जेलमध्ये काय असतं हो, कुलूप लावलं की काम संपलं. आता या आपल्याला चोर पकडायला शिकवणार!" पाठीमागे सगळे त्यांना कुलूपबाई म्हणत. त्यांना ते माहीत होतं. जेलमध्ये याहून कितीतरी वाईट नावं ऐकलेली असल्यामुळे या नावावर त्या मनातून खूशच होत्या.

"कुणाचं पिस्तूल?" त्यांनी विचारलं.

"माझं," म्हणत धाकटे साहेब पुढे आले. ठाण्यातले दुसऱ्या नंबरचे अधिकारी, म्हणून धाकटे. "काल संध्याकाळी जमा केलं होतं. आज सकाळी मागायला गेलो तर जागेवर नाही. पण मॅडम, काळजी करू नका. माणूस सापडलाय."

त्यांनी कोठडीकडे बोट दाखवलं. गजांमागे सुतार बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन, नजर जमिनीवर. बाई गजांपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

हा सुतार त्यांच्याच जेलमधला. ऐन तारुण्यात भांडणात त्याच्या हातून माणूस गेला. जेलच्या कारखान्यात तो सुतारकाम शिकला, कुणाच्या अध्यात ना मध्यात राहिला, आणि चांगल्या वागणुकीवर शिक्षा पुरी व्हायच्या आधी सुटला. अट एकच होती. नावावर एक जरी गुन्हा दाखल झाला तरी उरलेली सगळी वर्षं पुन्हा आत. ठाण्याच्या खिडक्या कुजल्या होत्या, त्या बदलायचं काम बाईंनीच त्याला मिळवून दिलं होतं. घरी त्याची बायको होती. लग्नानंतर लगेच तो आत गेला, आणि ती बिचारी इतकी वर्षं त्याच्यासाठी थांबली होती.

तेवढ्यात वरच्या साहेबांचा फोन आला. "संध्याकाळपर्यंत सुतारावर गुन्हा दाखल झाला पाहिजे. आणि हे बघा बाई, तो तुमच्या ओळखीचा आहे म्हणे. उगाच स्वतःवर बालंट ओढवून घेऊ नका."

"संध्याकाळपर्यंत ना? मग दिवस माझ्या हातात आहे," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

२

हत्यारांची खोली सांभाळत होते एक म्हातारे हवालदार. निवृत्तीला आलेले, सगळ्यांचे काका. सगळ्या ठाण्यात खोटं न बोलणारा माणूस कोण, असं विचारलं असतं तर प्रत्येकाने त्यांच्याकडेच बोट दाखवलं असतं. सुताराला पाहिलं होतं ते त्यांनीच.

"सांगा काका, काय पाहिलंत?"

"मी पाणी प्यायला गेलो होतो." काकांची नजर टेबलावर. "परत येतो तर सुतार दार ढकलून आत शिरताना दिसला. मग बाहेर आला. हातात अवजारांची पिशवी होती."

"दाराला कुलूप नव्हतं?"

"नव्हतं. माझी चूक झाली. पण दार मिटलेलं होतं. स्प्रिंगचं आहे, आपोआप मिटतं. त्याने ते ढकललं आणि गेला आत."

"पिशवीत पिस्तूल सापडलं?"

"नाही. कुठेतरी लपवलं असेल."

बाई खोली बघत राहिल्या. टेबल, कपाट, खिडकी. खिडकीच्या कठड्यावर बुद्धिबळाचे मोहरे दाटीवाटीने उभे केले होते. राजाच्या अंगावर उंट, उंटाच्या अंगावर प्यादी. कपाटाच्या वर पटाची लाकडी पेटी होती, सुतळीने बांधलेली.

"तुमचा पट?"

"धाकट्या साहेबांचा. दुपारी जेवण झालं की आम्ही एक डाव खेळतो." काका जरा अडखळले. "काल मला देऊन टाकला. म्हणाले, आता तुमच्याकडेच राहू दे."

"अरे वा," बाई म्हणाल्या. पण काकांच्या तोंडावर काही आनंद दिसला नाही. समोरच्या चहावर साय आली होती आणि तो तसाच पडून होता.

तिथून बाई थेट कोठडीत गेल्या आणि सुताराच्या शेजारी फरशीवर बसल्या. पहाऱ्यावरचा शिपाई बघतच राहिला. ठाण्याची प्रमुख, कोठडीत, फरशीवर!

"बाई, मी नाही घेतलं," सुतार म्हणाला.

"मला नुसतं वाटून उपयोग नाही रे. दाखवता आलं पाहिजे."

"ती आलीय का?"

"फाटकाशी उभी आहे. मघाच आली."

सुताराने डोळे मिटले. "तिला घरी जा म्हणा. आत जाणं मी सोसेन, बाई. पण ती परत जेलच्या फाटकाशी उभी राहील आणि माझी वाट बघत बसेल, ते नाही सोसवणार."

नुसतं ऐकून तपास होत नाही. बाई उठल्या. "चल. सकाळी कुठे काम करत होतास ते दाखव मला."

शिपायाने कोठडी उघडली. सुतार पुढे, बाई मागे, त्यांच्या मागे शिपाई. बोळाच्या टोकाशी एक साधं लाकडी दार होतं. ना कडी, ना कुलूप. दिवसभर माणसं त्यातून ये-जा करत. सुतार दारापाशी आला, थबकला, भिंतीला लागून बाजूला उभा राहिला. हात मांडीला चिकटलेले.

"अरे, हो की पुढे!" शिपाई वैतागला. "उघड ना! उघडंच आहे ते."

सुतार ओशाळला. हात थोडा वर आला आणि पुन्हा खाली गेला. शेवटी शिपायानेच दार ढकललं.

पुढचं दार आलं. पुन्हा तसंच. त्याच्या पुढचं आलं. तिथेही तसंच.

"अगं बाई," कुलूपबाई स्वतःशीच पुटपुटल्या.

३

फाटकाशी सुताराची बायको उभी होती. सुताराला परत कोठडीत पाठवून बाई तिथे आल्या आणि त्यांनी तिला आडोशाला नेऊन पाणी दिलं.

"एक विचारते. वेडगळ वाटेल. घरी तो दारं उघडतो का गं?"

तिने चमकून वर बघितलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तू सांग."

"नाही उघडत, बाई." तिला हसू आलं आणि डोळेही भरले. "सुटून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी बाजारात गेले आणि जाताना दार ओढून घेतलं. परत येऊन बघते तर हे आतून दारासमोर उभे. कामावर जायचं होतं, तरी उभे! म्हटलं, अहो, कडीसुद्धा लावलेली नाही. तर म्हणाले, माहीत आहे गं, पण हात जात नाही. मग मीच सगळी दारं बिजागऱ्यांतून काढून ठेवली. आता नुसते पडदे आहेत. आळीतली माणसं हसतात, सुताराच्या घराला दार नाही म्हणून! दुसऱ्यांची मात्र काय सुरेख बनवतात हो."

बाईंनी तिचा हात दाबला. जेलमध्ये दार कैद्याने उघडायचंच नसतं. त्याने थांबायचं, बाजूला व्हायचं, आणि किल्लीवाला येईल तेव्हा निघायचं. वर्षानुवर्षं ते अंगात भिनतं. बराकीत सगळेच तसे असतात म्हणून तिथे कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणजे सुतार दार ढकलून आत गेला, हे काकांनी पाहिलेलंच नव्हतं. काका खोटं बोलत होते. जन्मात खोटं न बोललेला माणूस आज खोटं बोलला, आणि तेही एका गरिबाला आत पाठवणारं. कशासाठी?

विचार करत बाई परत आल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या अंगात छानसा लोकरीचा कोट होता.

"नवा घेतलात?"

"नाही मॅडम, धाकट्या साहेबांनी दिला. म्हणाले, मला आता लागत नाही."

"लागत नाही? थंडी तर आत्ता कुठे सुरू होतेय."

पहारेकऱ्याने खांदे उडवले. बाई टेलिफोनच्या खोलीपाशी आल्या. तिथे मुलीच्या टेबलाशेजारी फुलझाडांच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या.

"किती छान! कुठून आणल्यास?"

"साहेबांच्या घरच्या आहेत. वहिनींनी लावलेल्या." वहिनी म्हणजे धाकट्या साहेबांची बायको. याच वर्षी आजारपणात गेली होती. मुलगी हळू आवाजात म्हणाली, "साहेब आता सावरलेत हो. इतके दिवस नुसते गप्प असायचे. कालपासून हसतात पण."

बाईंनी कुंड्यांकडे पुन्हा बघितलं.

जेलमध्ये कुणाची वस्तू कुणाकडे गेली की विचारायचं, का गेली? धाकामुळे जाते, उसनवारीमुळे जाते, मैत्रीतही जाते. पण एखादा गप्प गप्प माणूस अचानक हसायला लागला, आणि आपलं पांघरूण, आपला साबण, घरून आलेला स्वेटर वाटायला लागला, तर हातातलं काम टाकून त्याच्याकडे पळायचं.

आणि इथे तर त्याच माणसाचं पिस्तूल सापडत नव्हतं.

बाई बोळातून अक्षरशः धावत सुटल्या.

४

धाकटे साहेब खुर्चीत बसले होते. टेबल लख्ख पुसलेलं, खण उघडे आणि रिकामे. बाईंचा जीव थोडा भांड्यात पडला. त्या दाराजवळची खुर्ची ओढून बसल्या आणि आधी श्वास घेतला.

"आज तुमची सुट्टी ना?"

"हो."

"मग पिस्तूल कशाला हवं होतं?"

"साफ करायचं होतं."

"घरी नेऊन?"

साहेबांनी एक उघडा खण आत ढकलला. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. पिस्तूल यांच्याजवळ असतं तर ते मागायला गेलेच नसते. त्यांच्या आधी कुणीतरी ते हलवलं होतं.

"माझं पिस्तूल कुणी चोरलं असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. तुम्हाला राग नाही आला?"

"खरं सांगू?" साहेब कसंनुसं हसले. "काका म्हणाले चोरीला गेलं, तेव्हा मला हायसं वाटलं. का ते विचारू नका."

"आत्ता नाही विचारत. पण विचारणार आहे. चला, उठा."

"कुठे?"

"काकांच्या खोलीत. पिस्तूल कुठे आहे ते मला कळलंय."

५

दोघांना एकत्र आलेलं बघून काकांची पाचावर धारण बसली. ते उठून उभे राहिले, आणि नकळत कपाटाला पाठ लावली.

"काका, तुम्ही बसा. मीच बोलते," बाई म्हणाल्या. "सुतार दार ढकलून आत गेला, असं तुम्ही सांगितलंत. तो मिटलेलं दार उघडतच नाही. स्वतःच्या घरचंसुद्धा नाही. हवं तर त्याला घेऊन ठाणंभर फिरा. तेव्हा सुतार गेला नाही. या खोलीत येणारे उरलात तुम्ही आणि साहेब. साहेब तर पिस्तूल मागायला आले होते."

काकांनी कपाटाची कड घट्ट धरली.

"आम्ही बराकीची झडती घेतो ना, तेव्हा लपवलेली वस्तू शोधत नाही. ती कधी सापडत नाही. तिने दुसऱ्या कुणाला जागेवरून उठवलंय ते बघतो. गादीतला कापूस बाहेर दिसला की समजायचं, गादीत काहीतरी आहे." बाईंनी खिडकीकडे मान वळवली. "पटाला चांगली पेटी आहे. मग मोहरे बाहेर का उभे आहेत?"

काकांनी स्वतःच पेटी खाली काढली. सुतळीची गाठ त्यांना सुटेना, बाईंनी सोडली. आत, गोळ्या काढून घेतलेलं पिस्तूल काकांच्या रुमालात गुंडाळून ठेवलं होतं.

"साहेब, माफ करा," काका म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले. "काल तुम्ही पट देऊन टाकलात तेव्हाच माझ्या काळजात धस्स झालं. तुमचा जीव आहे हो त्या पटावर. आज सुट्टी असून पिस्तूल मागायला आलात. मी आधीच ते काढून ठेवलं होतं. आजचा दिवस टळला तर टळला, एवढंच डोक्यात. तुम्ही विचारलंत, कुठे गेलं? तोंडातून निघालं, चोरीला गेलं. तुम्ही विचारलंत, कुणी नेलं? समोर खिडकीत सुतार दिसला."

"मला विचारायचं होतंत, काका," साहेब कसेबसे म्हणाले.

"काय विचारू? साहेब, मरायला निघालात का, असं विचारू?"

"हो, असंच," बाई म्हणाल्या. "असंच विचारायचं. विचारल्याने कुणी मरत नाही." त्या साहेबांकडे वळल्या. "निघाला होतात का?"

साहेबांनी एक मोहरा उचलला, बोटांत फिरवला, खाली ठेवला. मग मान हलवली. हो.

"घरी गेलं की तिची चप्पल दारात दिसते," ते म्हणाले. "उचलवत नाही, ओलांडवत नाही. सगळे म्हणाले, सावरलात. मलाही वाटायला लागलं की बोलण्यासारखं काही उरलं नाही."

बाईंनी उपदेश केला नाही. जेलमध्ये उपदेश करणारे पुष्कळ येत, आणि त्यांच्यामुळे कुणी वाचल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्या साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या, आणि साहेब रडले. बायको गेल्यापासून माणसांत पहिल्यांदाच.

मग बाई काकांकडे वळल्या. आता मात्र आवाजात धार होती. "आणि सुताराचं काय ठरवलं होतंत?"

"वाटलं, काही सापडलं नाही की संध्याकाळी सोडतील." काकांनी मान खाली घातली. "आणि गेलाच आत, तर त्याला सवय आहे."

"सवय? त्याला एकच सवय झालीय, काका. दुसरं कुणी दार उघडेपर्यंत थांबायची. जेलची सवय होत नाही कुणाला. मी जन्मभर बघितलंय. तुम्ही एक जीव वाचवलात, त्याबद्दल मी तुमच्या पाया पडेन. पण दुसरा देऊन टाकायला निघालात, म्हणून हत्यारांची किल्ली आजपासून तुमच्याकडे राहणार नाही."

काकांनी कमरेची किल्ली काढून मुकाट्याने टेबलावर ठेवली.

बाईंनी तिथूनच वरच्या साहेबांना फोन लावला. "पिस्तूल ठाण्यातच होतं. जागा बदलली गेली. चूक माझ्या ठाण्याची आहे, तेव्हा जाब मलाच विचारा. सुतारावर गुन्हा दाखल होणार नाही." पलीकडून बराच आरडाओरडा झाला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि नंतर फोन ठेवला.

"उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं," त्यांनी धाकट्या साहेबांना सांगितलं. "मी येते बरोबर. आणि आता आपण तिघं सुताराकडे जाऊ."

६

कोठडी धाकट्या साहेबांनीच उघडली. काकांनी सुतारासमोर हात जोडून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, 'त्याला सवय आहे' हेसुद्धा नाही. सुतार ऐकत राहिला.

"मला राग आलाय, काका," तो अखेर म्हणाला. "आज काही जायचा नाही तो. खोटं कशाला बोलू?"

"नको जाऊ दे," काका म्हणाले.

सुतार निघाला, पण जाताना धाकट्या साहेबांपाशी थांबला. त्यांच्या तोंडाकडे निरखून बघत राहिला.

"घरी कोण असतं, साहेब?"

"कुणी नाही."

"मग आज घरी जाऊ नका." सुताराचा आवाज खाली आला. "आत नवा माणूस आला, आणि तुमच्यासारखा दिसला, तर जुना कुणीतरी त्याच्या शेजारी पथारी टाकतो. बोलत नाही काही. नुसता असतो शेजारी. माझ्या शेजारीही होता एक जण. माझ्याकडे चला. जागा लहान आहे, पण आहे."

"मी तुला कोठडीत घातलं रे," साहेब म्हणाले.

"घातलंत ना? मग माझं एवढं तरी ऐका."

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली.

फाटकाशी बायको अजून उभी होती. सुतार बाहेर आलेला दिसला आणि तिचा चेहरा उजळला. पण पाठोपाठ ठाण्यातले साहेब येताना दिसले. ती तशीच पुढे धावली आणि तिने नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

"कुठे नेताय यांना? सांगा ना, कुठे नेताय?"

"अगं, मला कुणी नेत नाहीये," सुतार म्हणाला. "मीच साहेबांना घेऊन चाललोय. भात जरा जास्त टाक."

ती एकदा नवऱ्याकडे, एकदा साहेबांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग तिने डोळे पुसले.

"साहेब," तिने विचारलं, "तिखट चालतं ना तुम्हाला?"